विश्लेषण : स्विमिंग पूलचे पाणी हिरवे झाले… उपसायचे की वाचवायचे?

उन्हाळ्याची सुटी लागते, पाहुणे येतात आणि घरामागचा किंवा फार्म हाऊसवरचा वर्षभर बंद असलेला स्विमिंग पूल आठवतो. पण तिथे निळ्याऐवजी गडद हिरवे पाणी दिसते. दोंडाईचा, शिंदखेडा परिसरात पारा चाळिशीपार जातो, तेव्हाच पाण्याची टंचाईही असते. अशा वेळी ‘सगळे पाणी सोडून द्या’ हा सोपा वाटणारा उपाय महागात पडतो. मग पाणी वाचवायचे कसे?

पाणी हिरवे का होते?

शेवाळाचे सूक्ष्म कण वारा, धूळ आणि पालापाचोळ्यातून पाण्यात येतच असतात. ऊन, उष्णता आणि साचलेले पाणी मिळाले की ते झपाट्याने वाढतात. त्यांना रोखणारे क्लोरीन संपले, की काही दिवसांत रंग बदलतो. हे ऑलिम्पिकमध्येही घडले आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ येथे डायव्हिंगचा तलाव हिरवा झाला. पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले गेल्याने क्लोरीन निष्प्रभ झाले होते, असे आयोजकांनी नंतर सांगितले.

पाणी उपसून टाकावे का?

शक्यतो नाही. ३० फूट लांब, १५ फूट रुंद आणि सरासरी ४ फूट खोल तलाव म्हणजे १,८०० घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते. म्हणजे जवळपास ५१,००० लिटर, अर्थात १०,००० लिटरचे पाच टँकर! शिवाय रिकामा तलाव कडक उन्हात तापून प्लास्टर आणि टाइल्सना तडे जाऊ शकतात. तळाशी गाळाचा जाड थर साचला असेल, तरच उपसा करण्याचा विचार करावा.

सुरुवात कशी करायची?

आधी पालापाचोळा जाळीने काढायचा. मग भिंती आणि पायऱ्या ब्रशने घासायच्या, कारण चिकटलेल्या शेवाळाच्या आतल्या थरापर्यंत क्लोरीन पोहोचत नाही. त्यानंतर टेस्ट किटने पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच तपासायचा. तो ७.२ ते ७.८ दरम्यान हवा. सामू ७.५ असताना साधारण निम्मे क्लोरीन प्रभावी रूपात असते, ८.५ ला जेमतेम दहावा भाग उरतो. म्हणजे सामू न पाहता टाकलेले बरेचसे औषध वाया जाते.

क्लोरीन किती लागते?

हिशेब सोपा आहे. १,००० लिटर पाण्यात १ ग्रॅम क्लोरीन म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम. फिक्या हिरव्या पाण्यासाठी साधारण १० मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात. गडद हिरव्याला याच्या दुप्पट-तिप्पट लागू शकते. वरच्या तलावासाठी १० मिलिग्रॅमच्या हिशेबाने ५१० ग्रॅम क्लोरीन हवे. ६५ टक्क्यांचे कॅल्शियम हायपोक्लोराइट असेल तर सुमारे ७८५ ग्रॅम, ३३ टक्क्यांची ताजी ब्लीचिंग पावडर असेल तर सुमारे दीड किलो. पावडर जुनी असेल तर तिची ताकद उतरलेली असते.

हे काम सूर्यास्तानंतर करावे. भर उन्हात काही तासांतच बहुतांश क्लोरीन नष्ट होते. पंप आणि फिल्टर रात्रभर चालू ठेवावेत. सकाळी ऊन चढण्याआधी पुन्हा तपासावे. रात्रीतून पातळी १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त उतरली, तर शेवाळ अजून जिवंत आहे असे समजून मात्रा पुन्हा द्यावी.

पाणी पांढुरके झाले, आता?

ही चांगली खूण आहे. शेवाळ मेले, की पाणी राखाडी किंवा दुधाळ दिसते. फिल्टर हे कण पकडतो, त्यामुळे तो वारंवार बॅकवॉश करावा लागतो. तुरटीने कण तळाशी बसतात. मात्र तो गाळ फिल्टरमधून न नेता थेट बाहेर काढावा. तुरटीमुळे सामू उतरतो, तोही पुन्हा तपासावा.

मोरचूद टाकला तर?

बोर्डो मिश्रणामुळे मोरचूद शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे. तो शेवाळ मारतो, पण तांबे पाण्यात राहते, भिंतींवर डाग पडतात आणि असे पाणी नाल्यात किंवा शेततळ्यात गेले तर मासे मरतात. त्यामुळे अंदाजाने मूठभर टाकणे टाळावे.

जीवघेणी चूक कोणती?

ब्लीचिंग पावडर आणि फरशीचे ॲसिड एकत्र करणे. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात हाच वायू अस्त्र म्हणून वापरला गेला. ॲसिडने सामू उतरवायचा असेल तर ते आधी, पंप चालू असताना पाण्यात मिसळावे आणि काही तासांनंतरच क्लोरीन द्यावे. दोन्हींसाठी एकच बादली वापरू नये. पावडर नेहमी पाण्यात टाकावी, पावडरीवर पाणी ओतू नये.

दुसरी चूक म्हणजे हिरव्या पाण्यात मुलांना उतरू देणे. तळ दिसत नसेल तर बुडणारे मूलही दिसत नाही. शिवाय केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये मेंदूज्वराचे रुग्ण आढळले, त्यामागचा अमिबा कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे शिरतो. तळ स्वच्छ दिसणे, सामू योग्य असणे आणि क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅमवर स्थिरावणे, या तिन्ही गोष्टी जमल्यावरच पोहावे.

तलाव वापरायचाच नसेल तर?

तरी तो तसाच सोडू नये. डासाच्या अंड्यापासून डास तयार व्हायला उन्हाळ्यात साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात. क्लोरीन न टाकता गप्पी मासे सोडणे हा उपाय आहे. क्लोरीन असेल तर मासे जगणार नाहीत. शेततळ्याला मात्र वरची मात्रा लावू नये. तिथे पीक, ठिबक आणि माशांचा विचार करून कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा.

तलाव सुरू ठेवायचा असेल तर रोज काही तास पंप चालवणे आणि आठवड्यातून दोनदा टेस्ट किटने तपासणे पुरेसे ठरते. टेस्ट किटचा खर्च पाच टँकरच्या बिलापेक्षा नक्कीच कमी आहे.