धूसरपणा नेमका कुठे असतो?
डोळे आणि पडदे : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण पडद्याच्या उजेडाविषयी बोललो. या आठवड्याची तक्रार वेगळी आहे. उजेड बेताचा, अंतर योग्य, चष्म्याचा नंबरही बरोबर. तरी गेम सुरू करून अर्धा तास होत नाही तोच कपाळ जड होतं, डोळे चुरचुरतात आणि वेगाने सरकणारं दृश्य नजरेत धरता येत नाही. खेळ थांबवला की तेच चित्र अगदी रेखीव दिसतं. मग माणूस चष्मा बदलतो, डोळ्यांत थेंब घालतो, नाहीतर जास्त पिक्सेलचा महागडा पडदा घरी आणतो. सरकत्या दृश्याचा धूसरपणा यातल्या कशानेही जात नाही. डोळा धडधाकट असतो, पडद्यावरचं प्रत्येक चित्रही स्वच्छ असतं. घोटाळा होतो तो दोघांच्या चालीत.

ही चाल समजून घ्यायची तर कोलकात्याच्या दक्षिणेकडची बजबज लोकल फार उपयोगाची आहे. सियालदहहून निघालेली ही गाडी बालीगंज, माझेरहाट, संतोषपूर, आक्रा, नुंगी अशी स्टेशनं घेत हुगळीच्या काठी येऊन थांबते. शेवटच्या स्टेशनाचं नाव २०१३ पासून ‘कोमागाता मारू बजबज’ असं आहे. कॅनडाने परत पाठवलेल्या त्या जहाजातल्या प्रवाशांवर २९ सप्टेंबर १९१४ रोजी इथेच गोळीबार झाला आणि वीसेक माणसं मारली गेली. हे नाव फलकावर वाचलं गेलंच पाहिजे, आणि तेवढ्यासाठी गाडी फलाटाला लागत असताना एक प्रयोग करता येतो. आधी नजर खिडकीच्या गजावर खिळवून ठेवा. मागून जाणारा फलक नुसता रंगाचा पट्टा होऊन जातो. मग नजर मोकळी सोडा आणि फलकाबरोबर जाऊ द्या. गाडीचा वेग तोच, पण अक्षरं वाचता येतात.

हे डोळ्याचं मोठं कौशल्य आहे. दृष्टिपटलाच्या मधोमध एक लहानसा भाग आहे आणि बारीक तपशील फक्त तिथेच उमटतो. सरकणारी वस्तू त्या भागावर टिकून राहावी म्हणून डोळा वस्तूच्या वेगाने, न अडखळता, फिरत राहतो. बजबजहून पलीकडे बाउरियाला जाणाऱ्या होडीत बसलात तर याचा दुसरा पुरावा मिळेल. बांगलादेशाकडे कोळशाची राख नेणारी एखादी बार्ज दिसली की नजर तिच्यावर ठेवा; ती नदीवरून सरकते तितक्याच शांतपणे डोळाही सरकतो. आता बार्ज सोडून रिकाम्या काठावरून नजर तशीच संथ फिरवायचा प्रयत्न करा. जमत नाही. डोळा उड्या मारत जातो. संथ सरकायला त्याला समोर खरोखर सरकणारं काहीतरी लागतं, आणि तसं काही दिसलं की तो आपल्याला न विचारता त्याच्यामागे जातो.

पडदा या सवयीचा फायदा घेतो आणि तिला फसवतोही. नदीवरची बार्ज क्षणभरही थांबत नाही. पडद्यावरची बार्ज ६० हर्ट्झच्या पडद्यावर सेकंदाला साठ वेळा थांबते. ती एका जागी सुमारे १६.७ मिलिसेकंद उभी राहते, मग एकदम पुढच्या जागी उमटते, पुन्हा उभी राहते. डोळ्याला यातलं काहीच कळत नाही. त्याने वेगाचा अंदाज घेतलेला असतो आणि तो अखंड सरकत असतो. चित्र उभं आणि डोळा चालता, म्हणून तेवढ्या वेळात त्या चित्राची कड दृष्टिपटलावर फासली जाते. कोरड्या रांगोळीवरून पदर घासला गेला की रेघ पसरते तशी.

हिशेब सोपा आहे. १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा एखादी वस्तू दोन सेकंदांत ओलांडत असेल, तर तिचा वेग सेकंदाला ९६० पिक्सेल झाला. ६० हर्ट्झवर प्रत्येक चित्राच्या मुक्कामात डोळा सोळा पिक्सेल पुढे गेलेला असतो, म्हणजे कडही सोळा पिक्सेल पसरते. पडदा १२० हर्ट्झचा असेल आणि गेमही खरोखर १२० चित्रं पुरवत असेल, तर हा पसारा आठवर येतो; २४० ला चारवर. जास्त पिक्सेलचा पडदा इथे मदतीला येत नाही, कारण पडद्याच्या त्याच रुंदीत पिक्सेल वाढले तर पसरणारे पिक्सेलही त्याच प्रमाणात वाढतात. ओलेड पडद्याचे ठिपके जवळजवळ तत्काळ रंग बदलतात, तरी ६० हर्ट्झवर तोही इतकाच धूसर दिसतो. एलसीडीत ठिपक्याला रंग बदलायला लागणारा वेळ यात आणखी भर घालतो, आणि तो वेळ कमी करण्यासाठी असलेला ‘ओव्हरड्राइव्ह’ फार ताणला की वस्तूमागे फिकट उलटी सावली दिसू लागते. पण मुख्य दोष चित्र एका जागी किती वेळ उजळत राहतं याचा आहे. खोक्यावर छापलेला ‘१ मिलिसेकंद’ हा आकडा या मुक्कामाबद्दल काहीच सांगत नाही, आणि ग्राहकाला हे कुणी समजावून देत नाही याचं मला वाईट वाटतं.

जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत हा दोष जवळजवळ नव्हता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी आणि कोलकाता दूरदर्शन ९ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झालं, तेव्हा घरातल्या पडद्यावर सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं येत. हा पन्नासचा आकडा विजेच्या वारंवारतेवरून आला होता. बजबजच्या औष्णिक केंद्रातून आज कोलकात्याला मिळणारी वीजही पन्नास हर्ट्झचीच आहे. नळीच्या पडद्यावरचा ठिपका एखाद्या मिलिसेकंदापुरता उजळून विझत असे. डोळा सरकायच्या आत चित्र नाहीसं झालेलं असे, म्हणून फासलं जायला काही उरत नसे. त्याची किंमत लुकलुकीत मोजावी लागे. धूसरपणा कमी केला की लुकलुक वाढते आणि लुकलुक घालवली की धूसरपणा येतो, ही ओढाताण तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

या ओढाताणीची आठवण मराठी माणसाच्या घरातच आहे. १९११ साली गिरगावातल्या ‘अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस’मध्ये दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि त्यांना हलत्या चित्रांनी झपाटलं. त्यानंतर त्यांनी मुंबईत लागणारे चित्रपट पाहण्याचा सपाटा लावला. घरी फिल्मची रिळं आणि भिंगं घेऊन प्रयोग चालत, झोप अगदी थोडी होई. त्यात त्यांची दृष्टी गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि चष्म्यांच्या आधाराने ती परत आली, म्हणून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला जाऊ शकले आणि ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्या काळचे मूकपट हाताने फिरवलेल्या यंत्रांवर, सेकंदाला साधारण सोळाच्या आसपास चित्रं या वेगाने चालत. लुकलुक सुसह्य व्हावी म्हणून प्रक्षेपकाच्या झडपेला तीन पाती लावत आणि प्रत्येक चित्र तीनदा झळकवत. फाळक्यांचं आजारपण एकट्या लुकलुकीच्या माथी मारणं बरोबर होणार नाही. जागरण आणि अतिश्रम त्यात होतेच. पण हलतं चित्र तासन् तास, विश्रांतीशिवाय, नजर गाडून पाहणं डोळ्यांना झेपत नाही, हे भारतीय सिनेमा जन्मण्याआधीच त्याच्या जनकाने सोसलं होतं. आज तेच ओझं आपण शाळकरी मुलांच्या तळहातावर ठेवलं आहे.

आता शिणवटा कुठून येतो ते पाहू. धूसर कड ही डोळ्यातल्या भिंगासाठी फोकस सुधारण्याची एक खूण असते. सरकत्या चित्राची कड मात्र फोकसने सुधारत नाही. नजर पुन्हा पुन्हा काहीतरी नेमकं पकडायला जाते आणि ते हाती लागत नाही. या धडपडीचा शिणवट्यात वाटा आहे असं माझं मत आहे. त्याहून पक्की गोष्ट पापण्यांची. जपानी डॉक्टरांनी १९९३ साली मोजलं तेव्हा निवांत बसलेली माणसं मिनिटाला सरासरी २२ वेळा पापणी मिटत होती, पुस्तक वाचताना १० वेळा आणि संगणकाच्या पडद्यासमोर फक्त ७ वेळा. वेगवान खेळात शत्रू हुकू नये म्हणून पापणी आणखी रोखून धरली जाते, डोळ्याचा पृष्ठभाग कोरडा पडतो आणि चुरचुर सुरू होते.

व्हिडिओची गोष्ट थोडी निराळी आहे. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो आणि कॅमेऱ्याने प्रत्येक चित्रातच थोडा धूसरपणा टिपलेला असतो. कॅमेरा हळू फिरला तर बिघडत नाही. वेगाने फिरला की दृश्य धक्के खात जातं. हे धक्के लपवण्यासाठी टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतः बनवलेली चित्रं घुसवतो. सोनीचं ‘मोशनफ्लो’ आणि एलजीचं ‘ट्रूमोशन’ हेच करतात. क्रिकेटला ते थोडं चालवावं, चित्रपटाला बंद ठेवावं, असं मी सांगेन. गेममध्ये मात्र ‘मोशन ब्लर’ नावाची सोय असेल तर आधी ती बंद करा. ती मुद्दाम घातलेली धूसरता असते, आणि तुमची नजर कुठे चालली आहे हे तिला माहीत नसतं.

फोनच्या किंवा संगणकाच्या सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बघा. १२० किंवा १४४ हर्ट्झचा पडदा ६० वरच चालू असल्याचं पुष्कळदा आढळतं, आणि बॅटरी वाचवण्याची सोय लावली की बरेच फोन गुपचूप ६० वर येतात. चित्रांचा वेग ९० आणि ५० च्या मध्ये हेलकावत असेल तर ग्राफिक्सचा दर्जा उतरवून तो ठाम ६० वर बांधलेला बरा. काही मॉनिटरांत मागचा दिवा क्षणभर लावून विझवण्याची सोय असते. त्याने हालचाल खरोखर रेखीव होते, पण लुकलुक परत येते. ज्यांचं डोकं दुखतं त्यांनी ती टाळावी आणि ज्यांना उजेडाच्या झगमगीने अपस्माराचा झटका येतो त्यांनी तिच्या वाटेला जाऊच नये. कित्येक ओलेड फोन कमी उजेडावर अशीच उघडझाप करतात. ओळखायचं असेल तर अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या पडद्यासमोर पेन्सिल झरझर हलवा. एक सलग पट्टा दिसण्याऐवजी सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या, तर पडदा लुकलुकतो आहे. मग उजेड थोडा वाढवून बघा.

एवढं करूनही एकाचं दोन दिसणं, डोळा लाल राहणं किंवा रोजची डोकेदुखी थांबत नसेल, तर सेटिंग बदलत बसू नका, नेत्रतज्ज्ञाकडे जा. न सापडलेला चष्म्याचा नंबर आणि कोरडे डोळे ही कारणं अगदी नेहमीची आहेत आणि दोन्हींवर इलाज आहे.

आणि नवा पडदा घ्यायला जाल तेव्हा दुकानात लावलेल्या फुलांच्या आणि डोंगरांच्या संथ चित्रांवर भुलू नका. दुकानदाराला बातम्यांची वाहिनी लावायला सांगा आणि तळाची धावती पट्टी दोन-तीन पडद्यांवर शेजारी शेजारी वाचून बघा. जिथे अक्षरं सहज वाचता येतील तोच पडदा घ्या.

(पुढील आठवड्यात : पडद्याचं अंतर आणि मुलांचा वाढता चष्मा)