शिरढोणचे बंडखोर आणि त्यांचे इतिहासकार

वासुदेव बळवंत फडके यांच्याविषयीचे इतिहासकारांचे मत गेल्या सुमारे दीडशे वर्षांत निदान दोनदा मुळापासून पालटले, आणि विशेष असे की त्यामागे नव्याने हाती लागलेल्या कागदपत्रांपेक्षा जुन्याच कागदांना विचारलेले नवे प्रश्न अधिक कारणीभूत ठरले. पनवेल तालुक्यात कर्नाळा किल्ल्याजवळच्या शिरढोण गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी फडक्यांचा जन्म झाला. पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकुनी करीत असताना त्यांनी महादेव गोविंद रानडे यांची देशाच्या आर्थिक शोषणावरील व्याख्याने ऐकली, १८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळात माणसे अन्नावाचून मरताना पाहिली आणि सशस्त्र उठावाचा निश्चय केला. शिरूर तालुक्यातील धामारी येथे फेब्रुवारी १८७९ मध्ये पडलेल्या दरोड्याने सुरू झालेला हा उठाव त्याच वर्षीच्या जुलैत त्यांच्या अटकेने संपला, आणि जन्मठेप भोगत असतानाच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला.

सरकारच्या लेखी ही मूलतः दरोडेखोरीच होती, मात्र तिच्यामागे पुण्यातील सुशिक्षितांचा हात असावा असा संशय सरकारला सतत छळत होता. गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या शिरासाठी इनाम लावणारा जाहीरनामा आणि मे १८७९ मध्ये बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना लागलेल्या आगी यांनी तो संशय बळावला, आणि रानड्यांची तातडीने धुळ्याला बदली झाली. अशा वातावरणात पुण्याच्या सार्वजनिक जीवनातील बहुतेकांनी फडक्यांपासून अंतर राखले, यात नवल नाही. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी तरीही त्यांचे वकीलपत्र घेतले, हे धैर्य त्या काळाच्या मापानेच मोजले पाहिजे. दरोडेखोरीचा हा अर्थ पुरेसा नाही, याची जाणीव एका इंग्रज अधिकाऱ्यालाही झाली होती. विल्यम वेडरबर्न यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ॲलन ह्यूम यांच्या चरित्रात दख्खनमधील या दरोड्यांचा संबंध शेतकऱ्यांच्या असंतोषाशी जोडला आणि काँग्रेसच्या स्थापनेमागच्या परिस्थितीत त्यांना स्थान दिले.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. फडक्यांनी भूमिगत असताना लिहिलेली दैनंदिनी आणि आत्मचरित्र पोलिसांच्या हाती पडून खटल्यात पुरावा ठरले होते. मुंबई सरकारने १९५७ मध्ये स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा ज्या मजकुराने त्यांना शिक्षा झाली तोच मजकूर त्यांच्या देशभक्तीची साक्ष म्हणून वाचला जाऊ लागला. ठिकठिकाणी लहान टोळ्या उभारून टपाल, तारा आणि रेल्वे बंद पाडायची आणि सरकारचा धाक नाहीसा करायचा, ही त्यात दिसणारी योजना लुटीच्या हेतूने समजावून सांगता येत नाही. वि. श्री. जोशी यांचे १९५९ मधील इंग्रजी चरित्र आणि र. चं. मजुमदार यांचे लेखन यांमुळे सशस्त्र राष्ट्रवादाचे आद्य प्रवर्तक ही फडक्यांची प्रतिमा रूढ झाली.

अमेरिकेत गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या जॉन ब्राउन यांच्या वाट्यालाही अशीच उलथापालथ आली. हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारावर ऑक्टोबर १८५९ मध्ये त्यांनी हल्ला केला आणि २ डिसेंबरला ते फाशी गेले. विसाव्या शतकाच्या मध्यास ॲलन नेव्हिन्स यांच्यासारख्या इतिहासकारांनी त्यांच्या कृतीत मनोविकाराची छाया पाहिली, तर पुढील पिढीने ती अन्यायाला दिलेले विचारपूर्वक उत्तर मानली. मराठी वाचकाला त्यातील अधिक उपयोगाचा धागा वेगळाच आहे. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०९ मध्ये आणि बेंजामिन क्वार्ल्स यांनी १९७४ मध्ये नायकावरची नजर वळवून त्याच्याशी जोडलेल्या कृष्णवर्णीय माणसांकडे नेली. ब्राउन यांच्या २१ साथीदारांपैकी ५ जण कृष्णवर्णीय होते.

फडक्यांच्या बाबतीत ही नजर अजून अर्धवटच वळली आहे. त्यांच्यासोबत प्रामुख्याने रामोशी होते, म्हणजे किल्ल्यांची व गावांची राखण करणारा आणि १८१८ नंतर कंपनी सरकारने त्या कामाचे हक्क आवळल्यावर उमाजी नाईकांच्या नेतृत्वाखाली एकदा लढलेला समाज. १८७५ मध्ये सुपे येथे सावकारांविरुद्ध उसळलेले दंगे ताजे होते, आणि हिशेबवह्या व कर्जखती यांच्या पकडीतून सुटू पाहणाऱ्या खेड्यांत फडक्यांना माणसे मिळाली. सोबत्यांना लुटीचा लोभ आहे, अशी खंत फडक्यांनी लिहून ठेवली. चरित्रकारांनी तिचा अर्थ बहुधा अनुयायी कमी पडले असा लावला. दुष्काळाने पोळलेल्या कुटुंबाला मिळालेला वाटा हा त्या माणसांच्या लढ्याचाच भाग होता, हा दुसरा अर्थ मात्र अधिक पटण्याजोगा आहे.

त्याला घटनाक्रमाचाही आधार मिळतो. मे १८७९ मध्ये कोकणात उतरून पनवेलजवळच्या पळस्पे येथे मोठा दरोडा घालणाऱ्या टोळीचे नेतृत्व दौलतराव नाईक यांच्याकडे होते, फडक्यांकडे नव्हे. घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियल यांच्या तुकडीशी झालेल्या चकमकीत दौलतराव मारले गेले आणि त्यानंतर रामोश्यांची फळी पुन्हा उभी राहिली नाही. फडक्यांना निजामाच्या मुलखातील रोहिल्यांची जुळवाजुळव करावी लागली, आणि ती पुरी होण्याआधीच ते देवर नावदगी येथे पकडले गेले. उठावाचा कणा नेमका कुठे होता, याचे उत्तर या दोन महिन्यांत आहे, आणि दौलतराव नाईकांना उपनायकाच्या जागेवरून हलवल्याशिवाय ते कोणत्याही चरित्रात पुरते मांडता येणार नाही.