कागदावरचे अमूर्त चित्र : पारख आणि जपणूक

ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील जुन्या इमारती पाडून तेथे नव्या उभ्या राहत आहेत. घर रिकामे करताना भिंतीवरची एखादी जुनी तसबीर हाती येते. आत कागदावर नुसते रंगांचे पट्टे आणि रेघा! 'हे कशाचे चित्र?' याचे उत्तर मिळत नाही आणि चित्र रद्दीत जाते. अशी दोन चित्रे मी रद्दीवाल्याकडून सोडवून आणली, म्हणून हा लेखप्रपंच.

अमूर्त चित्राला 'कशाचे' हा प्रश्न गैरलागू आहे. वासुदेव गायतोंडे तर आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणण्यापेक्षा 'वस्तुनिरपेक्ष' म्हणणे पसंत करीत. त्यांचे १९७९ चे एक तैलचित्र २०१३ साली मुंबईतील लिलावात सुमारे २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले. परंतु त्यावरून आपल्या घरच्या चित्राचे मोल करू नये. बाजारभाव ठरतो तो चित्रकाराचे नाव, चित्राचा अस्सलपणा आणि त्याची स्थिती यांवर. शोभेच्या बहुतेक चित्रांना मोठा भाव येत नाही.

तरीही पारख करावी. प्रथम भिंगातून पाहावे. बारीक ठिपक्यांची सारखी जाळी दिसली, तर चित्र यंत्रावर छापलेले. जलरंग कागदात मुरतो आणि वाळताना कडेला गडद होतो. खाली पेन्सिलीने १२/५० असा आकडा असेल, तर ते पन्नास प्रतींपैकी बारावे मुद्राचित्र समजावे. त्यालाही कलाकृतीचाच मान आहे. मग तसबीर उलटी करावी. मागची चिठ्ठी, प्रदर्शनाचे नाव, फ्रेमवाल्याचा शिक्का हा चित्राचा जन्मदाखलाच होय. फ्रेम बदलली तरी तो जपावा.

आता जपणूक. खाडीकाठच्या आपल्या गावांत पावसाळी दमट हवा हा कागदाचा मोठा शत्रू. काच चित्राला चिकटली, की आत ओल धरते व बुरशी येते. म्हणून मध्ये माउंट हवा. मागचा साधा पुठ्ठा आम्लयुक्त असतो, त्याने कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. आम्लरहित पुठ्ठा थोडा महाग पडतो, पण तोच घ्यावा. पाऊस झोडपणाऱ्या भिंतीवर चित्र टांगू नये. तसबिरीच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावावेत, म्हणजे हवा खेळती राहते. उन्हाने उडालेला रंग परत येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

चिकटपट्टी लावणे, ओल्या फडक्याने पुसणे आणि लॅमिनेशन करणे ही तीन कामे मात्र कटाक्षाने टाळावीत. लॅमिनेशन तर जवळजवळ कायमचेच! बुरशी दिसल्यास चित्र इतरांपासून वेगळे करून सावलीत कोरड्या जागी ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे.

किंमत आज ना उद्या कोणीतरी सांगेल. पण त्यासाठी चित्र शाबूत असले पाहिजे. म्हणून आधी जपणूक, मग मोल.