सिकलसेलचा विद्यार्थी वर्गात आहे? मग हे लक्षात ठेवा

गोंदिया : पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण जास्त आढळतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा तपासणी करते. बाकीचे दिवस लक्ष शिक्षकांनाच ठेवायचे असते.

पालकांनो, मुलाचा आजार लपवू नका, वर्गशिक्षकांना सांगा. डॉक्टरांनी दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी रोज द्या.

गुरुजींनी अशा मुलाला तासातही पाणी पिऊ द्यावे, लघवीला जाऊ द्यावे, उन्हात पळवू नये. हातपाय दुखतात म्हटलं की बहाणा समजू नका. ताप आला, छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर नुसती तापाची गोळी देऊन वर्गात बसवू नका. पालकांना कळवा आणि लगेच दवाखान्यात न्या. 108 ची रुग्णवाहिका मोफत आहे.