सावित्रीकाठची ओळख आणि टिळकांची भजने

महाड-पोलादपूरकरांनो, आपली सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते. तिथे १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनऱ्यांनी काम सुरू केले. पण मराठी ख्रिस्ती उपासनेला खरा मराठी सूर दिला तो कोकणच्याच माणसाने: रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ साली जन्मलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अभंग, भजने, कीर्तने रचली. ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून ती आजही गातात.

अशी भजने ऐकायला गुड फ्रायडेच्या मराठी उपासनेला एकदा जरूर बसा. येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर एकेक मनन, मध्ये भजन, मग शांतता. पेटीचा शेवटचा स्वर विरतो आणि कोणी हलत नाही. मला तो क्षण सर्वांत प्रिय आहे.