सर्जनातच विसर्जन

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस घरोघरी जे पूजन होते, त्यास 'पार्थिव गणेशपूजन' असे म्हणतात. पार्थिव म्हणजे पृथ्वीपासून घडविलेला, मातीचा. या एकाच विशेषणात मूर्ती कशाची असावी आणि अखेरीस ती कोठे मिळावी, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आहेत. प्राणप्रतिष्ठेने मूर्तीत देवत्व येते, उत्तरपूजेने त्यास निरोप दिला जातो आणि उरलेली माती जलार्पण होते. व्याकरणाची साक्षही अशीच आहे. 'सृज्' धातूपासून सर्जन. त्याच धातूस 'वि' उपसर्ग लागला की विसर्जन. मूळ एकच!

वस्तूची आखणी करणाऱ्यास हल्ली डिझायनर म्हणतात. त्याने आखतानाच वस्तूच्या अंताचा विचार करावा, म्हणजे कचरा मुळातच कमी होईल, असा विचार आज जगभर मांडला जातो. आम्हांस त्याचे नवल वाटत नाही. पार्थिव मूर्तीच्या योजनेत तो पूर्वीपासूनच आहे. शाडूची मूर्ती भट्टीत भाजत नाहीत, केवळ वाळवितात. म्हणूनच पाणी आत शिरताच कण सुटे होतात व काही तासांत माती मोकळी होते.

प्लॅस्टर ऑफ पॅरिसची गोष्ट निराळी. आयुर्वेद जिला गोदंती म्हणतो, ते जिप्सम सुमारे १५० अंश सेल्सिअसला तापवून ही पूड करतात. पाणी मिळताच ती पुन्हा दगडासारखी घट्ट होते, आणि एक लिटर पाण्यात जेमतेम २ ते २.५ ग्रॅम विरघळते. मग आपण ज्यास भक्तिभावाने निरोप दिला, त्याचे भग्न अवयव तीरावर पाहण्याची वेळ येते. भाविकाच्या अंतःकरणास याहून मोठा क्लेश कोणता?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० सालच्या सुधारित सूचनांत अशा मूर्तींस मनाई केली. तथापि दोष केवळ मूर्तिकारांच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. प्लॅस्टर हलके, स्वस्त, साच्यातून झटपट निघणारे. शाडू जड, ठिसूळ, वाळण्यास सावकाश. पेणसारख्या गावी कित्येक कुटुंबांची वर्षाची भाकरी या व्यवसायावर आहे. उंच, चकचकीत मूर्ती हवी असा हट्ट तर आपलाच असतो!

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लॅस्टर विरघळविण्याची रीत शोधली. ती उपकारक खरीच. परंतु तो मागाहूनचा उपाय. पहिला उपाय घडविणाऱ्याच्या हाती आहे. मूर्ती लहान व आटोपशीर असावी, बारीक नाजूक अवयव शरीरालगत घ्यावेत म्हणजे ठिसूळ मातीही टिकते. तैलरंगांऐवजी गेरू, हळद असे सौम्य रंग वापरावेत. बादलीत विसर्जन करून खाली बसलेली माती मूर्तिकारास परत दिली, तर तीच पुढील वर्षी पुन्हा श्रीरूप धारण करील. 'पुनरागमनाय च' या शब्दांस याहून सुंदर अर्थ कोणता लाभेल?

मखराचेही तसेच. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ साली बंदी आली. परंतु घडीचे लाकडी मखर आणि आईची जरीची साडी यांची शोभा कधी उणी नव्हती.

म्हणून यजमानांनी मूर्ती ठरविताना मूर्तिकारास किंमत विचारण्यापूर्वी एवढेच विचारावे, 'ही विरघळेल ना?' आणि होय म्हणणाऱ्या हातांस चार पैसे अधिक द्यावेत. ती दक्षिणाही श्रींच्या चरणी रुजू होईल, अशी आमची श्रद्धा आहे.