‘कर्ता पुरुष’ : कमाई थांबल्यावर कोण उरतो?

आपल्याकडे घरातल्या कमावत्याला ‘कर्ता पुरुष’ म्हणतात. माझा प्रश्न साधा आहे. मिळवणं थांबलं, तर या कर्त्याचं काय उरतं?

गिरणगावाचं उदाहरण घ्या. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतले पुष्कळ पुन्हा कधी आत गेलेच नाहीत. बायकांनी खानावळी चालवल्या, भाजी विकली, घर तगवलं. म्हणजे घरात कर्ती होतीच, तिला तसं म्हणत नव्हते एवढंच. पुरुषाचा मात्र पगार गेला, आणि त्याबरोबर चाळीत मान वर करून चालणंही गेलं.

पुढे कायदा बदलला. 2005च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क मिळाला. मन मात्र तिथेच राहिलं. आजही देशात आत्महत्या करणाऱ्या दर 10 जणांत साधारण 7 पुरुष असतात. कारणं अनेक असतील. पण ‘मला झेपत नाही’ हे वाक्य आपण मुलग्यांना शिकवलेलं नाही, हेही त्यांतलं एक असावं.

तत्त्वज्ञानात आम्ही माणूस आणि त्याची भूमिका यांत भेद करतो. भूमिका जाते, माणूस राहतो. वर्गात हे मी अनेक वर्षं शिकवलं. निवृत्त झालो, तरी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून बसायचो. सौभाग्यवती म्हणाल्या, “कुठे निघालात? ही मेथी निवडा.” निवडली. तेव्हा कुठे माझाच धडा मला थोडा समजला.